फोन मी केला होता

या महिन्यात आलेल्या पत्रांतली दोनच घेतली आहेत. दोन्ही समाजकार्य करणाऱ्यांची आहेत आणि दोघांचंही विचारणं एकच आहे: हातून चूक झाली, आता काय करू? मी स्वतः चौतीस वर्षं या कामात होते. आधी रुग्णालयात, मग वस्तीत, शेवटची काही वर्षं महिलांच्या सल्ला केंद्रात. पत्रांतले ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.

प्रश्न : मी एका संस्थेत फिल्डवर काम करतो. सहा महिन्यांपूर्वी आम्ही एका चौदा वर्षांच्या मुलीचं लग्न थांबवलं. बाल कल्याण समितीपुढे, म्हणजे अशा मुलांबद्दल निर्णय घेणाऱ्या सरकारी समितीपुढे, हजर करून तिला वसतिगृहात ठेवलं, आता ती शिकते आहे. आमच्या एका विश्वस्तांनी तिचा फोटो देणगीदारांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आणि संस्थेच्या फेसबुकवर टाकला. डोळ्यांवर काळी पट्टी आहे, पण खाली गावाचं नाव आहे आणि अंगात शाळेचा गणवेश. फोटो मीच काढून दिला होता. वडिलांची संमतीपत्रावर सही आहे. तरी मन खातं. आमचं काही चुकलं का?

उत्तर : दादा, चुकलं. आधी फोटो काढायला लावा, मग पुढचं वाचा.

लग्नाचं वय होण्याआधीच लग्न लावलं जाईल असा धोका असलेलं मूल बाल न्याय अधिनियम, २०१५ प्रमाणे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक ठरतं. अशा मुलाचं नाव, पत्ता, शाळा, फोटो किंवा ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करायला कलम ७४ने बंदी आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. वडिलांच्या सहीने ही बंदी उठत नाही. मुलाच्या हिताचं असेल तरच समिती कारणं लेखी नोंदवून परवानगी देऊ शकते, आणि देणगी जमवणं हे काही त्या मुलीचं हित झालं नाही. शिवाय तिचं लग्न ठरवणारेही हेच वडील होते ना?

डोळ्यांवरच्या पट्टीवर भरवसा ठेवू नका. गावात माणूस चालण्यावरून ओळखतात, उभं राहण्याच्या ढबीवरून ओळखतात. गणवेश आणि गावाचं नाव असल्यावर तर विचारायलाच नको.

फेसबुकवरून फोटो काढून भागणार नाही, कारण ग्रुपवरून तो पुढे गेलेला असणार. ज्यांना गेला त्या प्रत्येकाला लिहून कळवा की फोटो पुसा आणि पुढे पाठवू नका. विश्वस्तांना तोंडी न सांगता पत्र द्या, त्याची पोच घ्या. बाल कल्याण समितीला संस्थेने स्वतःहून कळवावं. त्यांना बाहेरून कळलं तर तुमच्याकडच्या बाकीच्या मुलांबद्दलही त्यांना शंका येईल, आणि ती रास्त असेल. मग वसतिगृहात जा आणि त्या मुलीला सांगा की तुझा फोटो मी काढला, तो असा असा बाहेर गेला. शाळेत कोणी काही बोललं का, ते विचारा. तिला उत्तर द्यावंसं वाटलं नाही तर थोडा वेळ नुसते बसा. देणगीदारांना तिच्या गणिताच्या वहीच्या पानाचा फोटो पाठवता येतो. तोही तिला विचारून, आणि वहीवरचं नाव झाकून.

प्रश्न : ताई, नमस्कार. एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातलं पदव्युत्तर शिक्षण, होऊन मला दोन वर्षं झाली. तालुक्याच्या गावी समुपदेशन केंद्रात काम करते. नवरा मारतो म्हणून एक ताई दोनदा येऊन गेल्या होत्या. तिसऱ्या तारखेला आल्या नाहीत. महिनाअखेर होती, अहवालातले फॉलो-अपचे रकाने भरायचे होते, म्हणून संध्याकाळी साडेसातला घरी बसून मी यादीतले फोन लावत होते. त्यांचा फोन नवऱ्याने उचलला. ‘कोण?’ म्हणाला. माझ्या तोंडून गेलं, ‘समुपदेशन केंद्रातून बोलतेय, ताई तारखेला आल्या नाहीत.’ त्याने फोन ठेवून दिला. त्यांच्या फॉर्मवर लिहिलेलं आहे, ‘फोन दुपारी १२ ते ३ याच वेळेत करावा.’ अक्षर माझंच आहे.

चार दिवसांनी त्या आईला घेऊन आल्या. मनगट सुजलेलं, कानामागे काळंनिळं. ‘तू कुठं जातेस ते मला कळलंय’ एवढंच नवरा म्हणाला, कसं कळलं ते बोलला नाही. त्यांना वाटतं शेजारणीने सांगितलं. आमच्या केंद्राचा पत्ता त्यांना त्या शेजारणीनेच दिला होता. आता तिच्याशी बोलणं टाकलंय. हे सगळं मी समोर बसून ऐकलं आणि एक शब्द बोलले नाही. कोऑर्डिनेटर मॅडम म्हणतात, फाईलमध्ये ‘फोन लागला नाही’ एवढं लिही, संस्थेचं नाव खराब होईल, आणि तिला सांगितलंस तर ती परत यायची नाही. मला रात्री झोप लागत नाही. मी या कामाच्या लायकीची आहे का?

उत्तर : तू माझ्या मुलीच्या वयाची, म्हणून एकेरी लिहिते. लायकीचं आत्ता राहू दे. तो तुझ्याबद्दलचा प्रश्न आहे आणि आपल्याला आधी त्या बाईंबद्दल बोलायचं आहे.

तुझ्या एवढ्या लांब पत्रात एक गोष्ट आलेली नाही. त्या आत्ता कुठे आहेत? माहेरी आहेत की परत त्याच घरात? नवऱ्याला केंद्र कळलं आहे, त्यामुळे तुम्ही पूर्वी जे काही ठरवलं होतं ते सगळं आता नव्याने ठरवायला हवं. त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं का? मनगटाचा एक्स-रे आणि कानाची तपासणी दोन्ही व्हायला हवं. कानाजवळ मार बसला की पडद्याला इजा होऊ शकते, आणि ‘जरा कमी ऐकू येतंय’ म्हणून बायका ते अंगावर काढतात. केसपेपर हातात घेऊन वाच. ‘पाय घसरून पडल्या’ असं लिहिलेलं मी अनेकदा पाहिलं आहे, कारण सोबत सासरचं माणूस उभं असतं.

कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांकडे कौटुंबिक घटना अहवाल, म्हणजे घडलेल्या हिंसेची लेखी नोंद, गेला आहे का ते बघ. २००५च्या या कायद्याच्या नियमांमध्ये नमुना ५ हा सुरक्षिततेच्या आराखड्याचा आहे. मी चाळलेल्या कितीतरी फायलींत तो कोरा होता. तो त्यांच्यासोबत बसून भर. रात्री निघावं लागलं तर कुठे जायचं, मुलांची कागदपत्रं कुणाकडे ठेवायची, कोणाच्या फोनवर निरोप द्यायचा. न्यायालयात जायचं असेल तर त्याच कायद्याच्या कलम १२खाली संरक्षण मागण्यासाठी केलेल्या अर्जावर पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांच्या आत पडायला हवी, असं कायदाच सांगतो. तातडीचं असेल तर कलम २३ खाली नवऱ्याचं म्हणणं येण्याआधीही अंतरिम आदेश मागता येतो. तालुका विधी सेवा समितीकडून वकील मोफत मिळतो, बाईला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. हे सगळं त्यांच्यापुढे ठेव. करायचं की नाही ते त्या ठरवतील.

आता माझं सांगते.

१९९८चा पावसाळा. मुंबईच्या उपनगरातल्या एका वस्तीत एचआयव्हीची लागण झालेल्या कुटुंबांना भेटी द्यायचं काम माझ्याकडे होतं. संस्थेच्या जीपवर दोन्ही बाजूंना लाल अक्षरांत ‘एड्स’ हा शब्द रंगवलेला होता. एक बाई होती, नवरा वारलेला, दोन लहान मुलं. पहिल्याच भेटीत ती म्हणाली होती, ‘बाई, गाडी नाक्यावरच ठेवत जा.’ मी दर वेळी ठेवली. त्या दिवशी पाऊस कोसळत होता, बरोबर वीस किलो तांदूळ होता. ड्रायव्हरने विचारलं, आत घेऊ का? मी म्हटलं, घे. गाडी गल्लीच्या तोंडाशी, नळाजवळ उभी राहिली. पाण्याची वेळ होती, नळावर रांग. एका बाईने जीपवरच्या अक्षरांवर बोट ठेवून शेजारच्या बाईला ते वाचून दाखवलं. मी ते पाहिलं. पाहिलं, आणि ड्रायव्हरसोबत गोणी धरून आत गेले.

दुसऱ्या दिवसापासून तिचा हंडा रांगेतून काढून बाजूला ठेवायला लागले. आठवड्याभरात खोलीच्या मालकाने डिपॉझिट हातावर ठेवलं. मी तिला दुसऱ्या वस्तीत खोली शोधून दिली, मुलांचे शाळेचे दाखले काढून दिले, रेशनकार्डाच्या खेपा घातल्या. त्या धावपळीत मला वाटत राहिलं की मी भरपाई करते आहे. सांगितलं मात्र चार महिन्यांनी. ती स्टोव्हला पिन मारत होती. हात थांबला. म्हणाली, ‘मला वाटलं जाऊबाईनं सांगितलं.’ चार महिने ती जावेशी बोलत नव्हती. आपल्यामागे पोरांना कोण बघेल, ते तिने त्या जावेबरोबरच ठरवलेलं होतं. मला वाईट एक शब्द बोलली नाही. ‘आधी सांगायचं होतंत’ म्हणाली आणि पिन परत घातली.

खोली गेली ती गाडी आत घेतल्यामुळे. जाऊ दुरावली ती माझ्या गप्प बसण्यामुळे. पहिली चूक पावसात एका क्षणात झाली. दुसरी मी रोज सकाळी उठून चार महिने केली. एखाद्याची एचआयव्हीची स्थिती संमतीशिवाय उघड करायची नाही, असं आता कायद्यात आहे. तो कायदा २०१७चा, लागू झाला सप्टेंबर २०१८मध्ये. त्या वेळी तो नव्हता, पण तिने मला सांगितलेलं होतं, आणि तेवढं पुरे होतं.

म्हणून तुझ्या पत्रातली ती शेजारीण माझ्या डोक्यातून जात नाही. मार खाणाऱ्या बाईला भिंतीपलीकडे ओरडलं तर धावून येईल असं एक माणूस असतं. तुझ्या ताईंना ते होतं. तू बोलली नाहीस तोवर त्या त्याला मुकलेल्या आहेत. उद्याच सांग.

फोनवर सांगू नकोस. समोरासमोर, दार लावून, आणि आई आत हवी की बाहेर हे त्यांना विचारून. फार लांबण लावू नकोस. ‘ताई, त्या दिवशी संध्याकाळी साडेसातला तुमच्या नंबरवर फोन मी केला होता. दुपारीच करा असं तुम्ही सांगितलं होतं, ते मी पाहिलं नाही. तुमच्या मिस्टरांनी उचलला आणि मी केंद्राचं नाव घेतलं. त्यांना कळलं ते माझ्यामुळे. शेजारणीने काही सांगितलेलं नाही. मागच्या वेळी तुम्ही आलात तेव्हाच मी हे सांगायला हवं होतं.’ एवढं बोलून थांब. महिनाअखेर, अहवाल, यादी, यातलं काही काढू नकोस. ते खरं आहे, पण ते त्यांनी समजून घ्यायचं ओझं त्यांच्यावर टाकायचं नाही. माफ करा असं म्हण, पण ‘माफ केलंत ना?’ असं विचारू नकोस. आणि रडू येत असेल तर आधी घरी रडून घे. तू समोर रडलीस तर त्या सुजल्या मनगटाने तुझ्याच पाठीवरून हात फिरवतील, आपल्या बायका अशाच आहेत, आणि त्यांचा राग तसाच पोटात राहील.

त्या चिडतील. चिडू दे. उठून जातीलही. म्हणून बोलायच्या आधीच एका कागदावर संरक्षण अधिकाऱ्यांचं नाव आणि फोन, जिल्ह्याच्या सखी केंद्राचा (हिंसा सोसणाऱ्या बायकांना एकाच ठिकाणी मदत देणाऱ्या सरकारी केंद्राचा) पत्ता आणि १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक लिहून तयार ठेव. कागद घरी नेणं सुरक्षित आहे का ते विचार, नसेल तर आईकडे दे. केंद्रातल्या दुसऱ्या ताईंकडे केस द्यायची असेल तर तशी सोय आहे, हेही सांग. मॅडमचं म्हणणं, की ती परत यायची नाही. असं होऊ शकतं. पण कोणावर विसंबायचं हे त्यांना खरं माहीत असताना ठरवता आलं पाहिजे.

एक गोष्ट मात्र नीट धरून ठेव, कारण अपराधीपणात ती निसटते. मनगट पिरगळलं ते नवऱ्याने. तुझा फोन ही तुझी चूक, मारहाण हा त्याचा गुन्हा. बोलताना आणि लिहिताना या दोन्हींची सरमिसळ होऊ देऊ नकोस. उद्या तो म्हणेल, केंद्रवाल्यांनी फोन करून माझं डोकं फिरवलं. ती पळवाट त्याला तुझ्या तोंडून मिळता कामा नये.

आता फाईल. ‘फोन लागला नाही’ हे लिहायचं नाही. तो फोन लागला होता, हे ताईंच्या मोबाइलमध्ये आहे आणि तुझ्याही. हे प्रकरण न्यायालयात गेलं आणि केंद्राची फाईल मागवली गेली, तर त्याचा वकील त्या एका ओळीवर बोट ठेवेल आणि म्हणेल की ही खोटी, मग बाकीची पानं तरी खरी कशावरून? त्याच फाईलमध्ये त्या बाईंनी पहिल्या दिवशी रडत सांगितलेलं सगळं आहे. तुमच्या केंद्राची अब्रू वाचवायला तिचा पुरावा आपण घालवायचा का?

नोंद आजची तारीख घालून लिही. जुन्या तारखेच्या दोन ओळींमध्ये घुसवू नकोस. व्हाइटनर लावायचा नाही. काही खोडावं लागलं तर एकच रेघ मारायची, खालचं अक्षर वाचता येईल अशी, आणि बाजूला सही. फोन कधी केला, कोणत्या नंबरवरून, कोणी उचलला, तू काय बोललीस, फॉर्मवर काय सूचना होती, नंतर काय घडलं, बाईंना केव्हा सांगितलं. ‘दुर्दैवाने’, ‘अनवधानाने’ असे शब्द नकोत. मी रुग्णालयात नवी असताना आमच्या वरिष्ठ बाई माझ्या नोंदींमधली विशेषणं लाल पेनाने खोडायच्या आणि समासात लिहायच्या, ‘काय पाहिलं?’ तेव्हा राग यायचा. आजही लिहिताना तो समास डोळ्यांपुढे येतो.

मॅडमना हे अंधारात ठेवून करू नकोस. आधी त्यांना भेटून सांग की मी खरं लिहिणार आहे आणि ताईंना सांगणार आहे, मग तेच दोन ओळींच्या ईमेलने कळव. त्यांच्यावरही वरून दबाव असणार, ते मला कळतं. पण डॉक्टरांना, वकिलांना जशी परिषद असते, चुकलं तर जाब विचारणारी, तशी आपल्या सगळ्या पेशासाठी मिळून देशपातळीवर नाही. समाजकार्याचं शिक्षण देणारी पहिली संस्था मुंबईत नागपाड्याला सुरू झाली ती १९३६ साली, इतकी वर्षं झाली. आपल्याकडे येणाऱ्या बाईला तक्रार घेऊन जायला ठिकाण नाही. तिच्या बाजूने जे काही आहे ते आपल्या हातच्या नोंदीत आहे. मला हे फार लागतं, आणि त्यामुळेच ‘कोण बघतंय’ असं कोणी म्हटलं की मी गप्प बसू शकत नाही.

तुमच्या केंद्रात एक बदल मात्र मागून घे. फोनची सुरक्षित वेळ आतल्या पानावर असून उपयोग नाही. ती फाईलच्या पुठ्ठ्यावर नंबरच्या शेजारी हवी आणि फॉलो-अपच्या यादीतही नंबरच्या बाजूलाच हवी. तुझ्या हातात त्या रात्री फक्त यादी होती, फॉर्म नव्हता, असं मला पत्रावरून दिसतं. दुसऱ्या कोणी फोन उचलला तर काय म्हणायचं, हे पहिल्याच भेटीत बाईंकडून ठरवून घ्यायचं. आमच्याकडे एकीने सांगितलं होतं, ‘ब्लाउज शिवून झाले म्हणा.’ दुसरी म्हणाली, काहीच बोलू नका, ठेवून द्या. जे त्या सांगतील तेच पुठ्ठ्यावर लिहायचं. आणि केसचे फोन घरून, संध्याकाळी, रकाने भरायला म्हणून करायचे नाहीत. अहवाल दोन दिवस उशिरा गेला तर जाऊ दे.

लायकीचं विचारलं होतंस. झोप येत नाही म्हणून लिहिलंस, पण मी त्यावरून काही ठरवत नाही. मनाला लागणं पुष्कळांना जमतं. उद्या त्या खोलीत जाऊन तू ती पाच-सहा वाक्यं बोललीस की मग आपण त्या विषयावर बोलू. आधी एखाद्या अनुभवी ताईपुढे एकदा म्हणून बघायचं असेल तर तसं कर, कुणाचं नाव-गाव न घेता.

झालं की मला पत्र पाठव. त्या काय म्हणाल्या ते लिही, आणि शेजारणीकडे गेल्या का, तेही.